मधली सोळा पानं

आत्याच्या कवितासंग्रहाच्या मधोमध एक खून आहे, हे आम्हाला पुस्तकं वाटून झाल्यावर कळलं.

शोध खुद्द आत्यालाच लागला, आणि तोही चारचौघांत. ती एका मोठ्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसते. तिच्या विभागाच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांच्या घरी सगळे सहकारी चहाला जमले होते आणि कुणीतरी म्हणालं, आता कवयित्रीबाईंनी एखादी कविता वाचावी. मोठ्या बाई लगेच उठल्या, काचेच्या कपाटातून संग्रह काढला आणि "मी दोनदा वाचलाय, बरं का" असं म्हणत आत्याच्या हातात दिला. आत्यानं मधलं पान उघडलं. तिथे तिची 'जिना' ही कविता असायला हवी होती. तिथे लिफ्टचं दार उघडत होतं आणि आत एक माणूस पालथा पडला होता.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"काय करणार? कविता पाठ होती. पुस्तकात बघत म्हणून टाकली. प्रेताकडे बघून जिन्याची कविता म्हणणारी जगातली पहिली बाई असेन मी."

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाई म्हणाल्या, ही तर माझी आवडती."

हे सांगताना ती हसत होती. चपला काढल्या, पर्स खुंटीला लावली, आणि मग उभ्याउभ्याच फोन उजव्या कानाला लावून तिनं एकेका नातेवाइकाला गाठायला सुरुवात केली. जे गठ्ठे आधी सुटले त्यांतल्याच प्रती तिनं वाटल्या होत्या, म्हणजे बहुतेकांकडे हाच माल असणार. ती सरळ काही विचारत नव्हती. "संग्रह चाळलास का गं?" एवढंच. धाकटी जाऊ म्हणाली, छान आहे, विशेषतः मुखपृष्ठ. माझी आई म्हणाली, छान आहे, सावकाश वाचतेय. आत्याच्या मावसभावानं तर सांगितलं की दर रविवारी एक कविता वाचायचा त्याचा नेम आहे. शेवटी फोन माझ्या थोरल्या काकांना लागला. ते म्हणाले, "वाचला ना. सुरुवातीच्या कळल्या. मधला भाग मात्र जरा डोक्यावरून गेला. ते लिफ्टचं वगैरे. मुक्तछंद असेल म्हटलं."

आत्यानं फोन ठेवला.

"एकानं तरी वाचला," मी म्हणाले.

"हो. आणि त्याला माझ्या कवितेत आणि त्या खुनात फरक कळला नाही."

हा घोटाळा झाला कसा, हे तिला समजावून सांगणं माझं काम होतं, कारण पुस्तक आमच्याच छापखान्यात बांधलं गेलं होतं. मी रसायनशास्त्र शिकले आणि एका छापखान्यात लागले. कागदात ओल किती, शाई वाळायला किती वेळ लागतो, चिकटवायची खळ घट्ट की पातळ, हे तपासायला तिथे कुणीतरी लागतं. नोकरीसाठी मी आत्याकडे राहायला आले आणि तिची एक खोली अडवली. दुसरी खोली आता तिच्या गठ्ठ्यांनी अडवली होती.

पुस्तकाची पानं सुटी सुटी छापत नाहीत. एका मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात आणि त्या कागदाच्या घड्या घालतात. त्याला फर्मा म्हणतात. असे फर्मे क्रमानं एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक होतं. क्रम चुकू नये म्हणून प्रत्येक फर्म्याच्या घडीवर एक काळी खूण असते, आधीच्या फर्म्यापेक्षा थोडी खाली. सगळे फर्मे रचले की पाठीवर एक तिरकी काळी रेघ दिसते. रेघ सलग असली म्हणजे पुस्तक बरोबर. आमचे बाइंडर मास्तर ही रेघ डोळ्यांत तेल घालून बघतात आणि त्या दिवशीही त्यांनी बघितली होती. पण शेजारच्या टेबलावर 'लिफ्टमधलं प्रेत' नावाची रहस्यकादंबरी बांधली जात होती. आकार तोच, आणि कागदही तोच, कारण मालकांनी कादंबरीचा उरलेला कागद आत्याच्या पुस्तकाला दिला होता. जेवणाच्या सुट्टीनंतर दोन्ही टेबलांवरच्या सहाव्या फर्म्याच्या थप्प्यांची अदलाबदल झाली. सहावा फर्मा सहाव्याच जागी बसला. रेघ सलग होती. फक्त पुस्तक दुसरं होतं.

"रेघ बरोबर होती," मास्तर मला दोनदा म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. "माझ्या उभ्या जन्मात रेघेनं दगा दिला नव्हता."

मालकांनी लगेच कबूल केलं की चुकलेल्या सगळ्या प्रती परत घेऊन नव्या बांधून देऊ. मी आनंदानं घरी येऊन आत्याला सांगितलं.

"पानं बदलून मिळतील," ती म्हणाली. "वाचणारे कुठून बदलून आणू?"

आमच्या छापखान्यात कापलेल्या कागदाच्या पट्ट्या आणि बिघडलेले ताव न्यायला दर शनिवारी लगदा-कारखान्याची गाडी येते. छापखान्याला जाताना ती आमच्याच रस्त्यानं जाते. आत्यानं मला सांगितलं की गाडीवाल्याला विचार, दारासमोर क्षणभर थांबून हॉर्न देशील का, आम्ही गठ्ठे खाली आणून देऊ. चुकलेले आणि बरोबर असलेले, सगळेच.

"बरोबर असलेले कशाला?"

"मला खोली मोकळी हवी आहे."

मी तिच्याशी वाद घातला नाही, कारण मला दुसरीच एक गोष्ट दिसत होती. आत्या कविता लिहायची ती औषधांच्या रिकाम्या खोक्यांवर. खोकं उसवून सपाट करायचं आणि आतल्या पांढऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहायचं. स्वयंपाकघरातल्या खिडकीत अशी सपाट केलेली खोकी नेहमी पडलेली असत. त्या आठवड्यात ती खोकी तशीच, न उसवता, कचऱ्याच्या डब्यात जाऊ लागली.

आता माझ्या वाचनाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी रहस्यकथा वाचते आणि विज्ञानकथा वाचते. खळ वाळायला ठेवली की वाचते, जेवताना ताटाच्या कडेला पुस्तक टेकवून वाचते. लोक अशा पुस्तकांना वेळ घालवायची पुस्तकं म्हणतात आणि मला त्याचं नवल वाटतं, कारण इतकं जागं राहून मी दुसरं काहीच वाचत नाही. चांगल्या रहस्यकथेत टेबलावर छत्री असेल तर ती कुणीतरी तिथे ठेवलेली असते. पाऊस पडत असेल तर चिखलात पावलं उमटावीत म्हणून पडत असतो. पानावरची प्रत्येक वस्तू संशयित असते. प्रयोगशाळेत मला जे सुख मिळतं तेच हे सुख आहे: काहीही उगीच नसतं, फक्त त्याचं कारण अजून कळलेलं नसतं.

कवितेच्या बाबतीत मात्र माझी गाडी अडायची. आत्याच्या संग्रहाची मुद्रितं मीच तपासली होती, त्यामुळे प्रत्येक ओळ मला माहीत होती, पण मी ती लेबल वाचावं तशी वाचली होती. शब्द बरोबर आहे ना, काना-मात्रा जागच्या जागी आहे ना. बाकीचा सगळा भाव असणार, आणि भाव मला मोजता येत नाही, असं म्हणून मी सोडून दिलं होतं.

मास्तरांचा पडलेला चेहरा डोळ्यांसमोर असताना एक साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली. पदार्थ नाहीसा होत नाही, जागा बदलतो. कादंबरीतला खून जर आत्याच्या पुस्तकात आला असेल, तर आत्याच्या कविता त्या कादंबरीत गेल्या असणार. आणि रहस्यकथा वाचणारे लोक मधली पानं वाचल्याशिवाय राहत नाहीत.

मास्तरांकडून कळलं की कादंबरीचे पहिले गठ्ठे वाचनालयांना गेले होते. त्यांतलं एक आमच्या घराजवळ आहे, मीही तिथलीच सभासद. तिथल्या बाई आलेलं पुस्तक हातात घेऊन झटकतात, मगच कपाटात ठेवतात. लोक खुणेसाठी काय काय घालून ठेवतात ते बघायला. एकदा त्यांना त्यातून दाताची कवळी मिळाली होती म्हणे.

"'लिफ्टमधलं प्रेत' का?" त्या म्हणाल्या. "ते आलंच नाही परत. इन्स्पेक्टर घेऊन बसलेत. एरवी दोन दिवसांत एक पुस्तक संपवणारा माणूस, आणि हे मुदत वाढवून वाढवून ठेवलंय. मी म्हटलं, अहो, खुनी सापडत नाही का अजून? तर म्हणाले, खुनी सापडला, बाई सापडत नाही."

"पोलिसात होते का ते?"

"छे गं. लिफ्ट तपासायचे. सरकारी. निवृत्त झालेत. पण इन्स्पेक्टर ते इन्स्पेक्टरच."

त्यांच्याकडून पत्ता घेऊन, कादंबरीची चांगली बांधलेली एक प्रत पिशवीत टाकून, मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इन्स्पेक्टरांच्या दारात उभी राहिले. ते तळमजल्यावर राहत होते. उंच, थोडे पोक काढलेले, चष्मा कपाळावर ढकललेला. मी छापखान्यातून आले आहे, तुमच्या प्रतीत छपाईची चूक आहे, ती बदलून द्यायची आहे, असं सांगितलं.

"चूक?" ते म्हणाले. "चुका तर पहिल्या पानापासून आहेत. दार उघडं असताना लिफ्ट हलते कशी? या लेखकानं कधी लिफ्ट जवळून पाहिलेली नाही. या, बसा."

"तुम्ही तळमजला घेतलात तो लिफ्टवर भरवसा नाही म्हणून का?" मी बसता बसता विचारलं.

"लिफ्टवर आहे. तिला तेल घालणाऱ्यांवर नाही."

खोलीत एक पलंग, एक टेबल आणि पुस्तकं. सगळ्यांच्या पाठींवर सुरे, सावल्या, किल्ल्या. टेबलावर 'लिफ्टमधलं प्रेत' उघडं होतं आणि शेजारी एका कागदावर त्यांनी खोलीचा नकाशा काढला होता. दार, खिडकी, पलंग, चुलीचा ओटा. असे नकाशे मीही काढते. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

"हे बघा," ते म्हणाले. "इथे तपास करणारा पहिल्या खुनातल्या माणसाच्या शेजारच्या घरात शिरतो. घर रिकामं. टेबलावर कागद पडलेत. तो पहिला कागद उचलतो, पान संपतं. आणि पान उलटलं की हे."

त्यांनी पान उलटलं. 'खिडकीची बाजू' ही आत्याची कविता होती.

"म्हणजे हे त्या कागदांवरचं लिखाण," मी सावकाश म्हणाले.

"दुसरं काय असणार? शेजारची बाई लिहून ठेवून गायब झाली. तुकड्या-तुकड्यांत लिहिलंय, म्हणजे घाईत असणार, किंवा भीतीत. मग सोळा पानं हेच. आणि त्याच्यानंतर तपास करणारा एकदम गच्चीवर. बाईचं नाव नाही. शेवटी खुनी कोण, तर पहारेकरी. तो तर मला तिसऱ्याच प्रकरणात कळला होता. पण बाईचं काय झालं? लेखक विसरला."

खरं काय ते मी तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण उत्तर आपल्याला माहीत आहे, समोरच्याला नाही, आणि तो मोजमाप करतो आहे, अशी संधी आयुष्यात क्वचित येते. मी म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं तिच्याबद्दल?"

त्यांनी चष्मा खाली ओढला. "बाई बँकेत असणार. रोखपाल. सारखं मोजते. थेंब मोजते, पायऱ्या मोजते. उंच असणार, कारण वरच्या फळीवरची बरणी तिच्या हाताला लागते. आणि जिन्याखाली काहीतरी पुरलंय." त्यांनी 'जिना' कवितेवर बोट ठेवलं. "बघा. 'जिन्याखाली मी काही ठेवलेलं नाही.' विचारलं होतं का कुणी? मग सांगते कशाला?"

मी तोंडावर हात ठेवला. आत्या औषधं देते, मोजते ते गोळ्या. ती माझ्या खांद्याला लागते, वरची बरणी काढायला स्टूल घेते. आणि आमच्या जिन्याखाली शेजाऱ्यांची सायकल असते.

"आणखी एक," ते म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला. "हे मला उशिरा दिसलं. नकाशा काढल्यावर."

त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. पलंगाशेजारी, खिडकीशेजारी, ओट्याशेजारी पेन्सिलीनं बारीक फुल्या मारल्या होत्या.

"जिथून जिथून तिला आवाज येतो तिथे मी फुली मारली. दार, किटली, शेजारचा रेडिओ, रस्त्यावरची गाडी. ती खिडकीत उभी असते तेव्हा सकाळचं ऊन तोंडावर, म्हणजे तोंड पूर्वेला. किटली दक्षिणेला. ती ऐकू येते. उत्तरेला नळ आहे. तो गळतोय हे तिला दिसतं. थेंब दिसतात, मोजते सुद्धा. आवाज नाही. अशा सोळा पानांत सगळ्या फुल्या तिच्या उजव्या हाताला. मी म्हटलं योगायोग. मग ही ओळ."

त्यांनी वाचून दाखवली. कविता वाचतात तशी नाही, पंचनामा वाचतात तशी.

"'मी उजव्या कुशीवर वळते
आणि रस्ता बंद पडतो.'"

ही ओळ मी तपासली होती. 'कुशीवर' मधला उकार पहिला आहे ना, तेवढं बघितलं होतं. अर्थ मी असा लावला होता की जगाकडे पाठ फिरवली, मन मिटून घेतलं, असं काहीतरी. प्रस्तावना लिहिणाऱ्या गृहस्थांनीही तसंच लिहिलं होतं.

"रस्ता कसा बंद पडेल?" इन्स्पेक्टर म्हणाले. "रस्ता चालूच आहे. उजव्या कुशीवर झोपलं की उजवा कान उशीत जातो. या बाईला डाव्या कानानं ऐकू येत नाही."

आत्याला सात-आठ वर्षांची असताना ताप आला होता आणि त्यात तिचा डावा कान गेला. आमच्या घरात ही गोष्ट पंख्याच्या बटणाइतकी सवयीची आहे. जेवताना तिच्या उजवीकडे बसायचं, हाक मारायची तर उजवीकडून. तिनं हे कवितेत कुठेही सांगितलेलं नाही. आणि एक माणूस, ज्यानं तिला कधी पाहिलेलं नव्हतं, तिच्या उशीपर्यंत जाऊन पोचला होता. प्रत्येक शब्द संशयित धरायचा, एवढी एकच सवय घेऊन. मला वाटलं, कवितेला आणखी काय हवं असतं? तीही म्हणतेच ना, की माझ्यात उगीच काही नाही.

मी पिशवीतून चांगली प्रत काढून त्यांच्यापुढे ठेवली. "टेबलावरचे खरे कागद यात आहेत."

त्यांनी घाईघाईनं पान काढलं, वाचलं, आणि चष्मा पुन्हा कपाळावर गेला.

"विजेचं बिल," ते म्हणाले. "तो कागद म्हणजे विजेचं बिल होतं."

"हो."

"मग हे काय आहे?"

"कविता."

त्यांनी आधीची प्रत किंचित लांब सरकवली. "मी कविता वाचत नाही."

"वाचल्यात की. नकाशा काढून."

"ते मला माहीत नव्हतं. नकळत झालेलं धरायचं नसतं." मग थोडं थांबून, "कुणाच्या आहेत?"

"माझ्या आत्याच्या."

"आहेत त्या? म्हणजे... आहेत?"

"आत्ता दवाखान्यात औषधं देत असेल."

"म्हणजे बँक नाही."

"नाही. आणि उंचीही नाही. जिन्याखाली सायकल आहे."

त्यांनी पेन्सिल उचलून नकाशाच्या कोपऱ्यात काहीतरी खोडलं. "आणि कान?"

"कान बरोबर."

मला वाटलं होतं ते खूश होतील. त्यांनी पेन्सिल ठेवून दिली. "डावीकडून कुणी आलं की दचकत असतील," ते म्हणाले. मग मी त्यांना गठ्ठ्यांचं सांगितलं, मोठ्या बाईंचं, मुक्तछंदाचं आणि शनिवारच्या गाडीचं; आमचा पत्ताही सांगितला. मुक्तछंदावर ते हसले नाहीत. "खून वाचून कविता वाटली म्हणजे लक्ष नव्हतं," एवढंच म्हणाले. बदललेली प्रत त्यांनी घेतली, पण आधीची परत दिली नाही.

घरी येऊन मी आत्याला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती.

"कानाचं कुणी सांगितलं त्यांना?"

"तूच."

"उगीच काहीतरी."

मी संग्रह उघडून तिच्यापुढे धरला, कारण तिचे हात भरले होते. तिनं ती ओळ वाचली. मग मी पान उलटलं, तिनं किटलीची वाचली, नळाची वाचली. मग ती ओट्याला टेकली.

"मला वाटत होतं मी रस्त्याबद्दल लिहितेय," ती म्हणाली.

"मग आता गाडी नको ना?"

तिनं पुन्हा कणकेत हात घातला. "एकानं वाचलं, तेही चुकून, आणि तेही खून समजून. उद्या त्यांना नवीन खून मिळेल, ते तिकडे जातील. गाडी येऊ दे."

शनिवारी सकाळी गठ्ठे दाराशी आणून ठेवले. मी मुद्दाम हळू हळू आणत होते आणि आत्याला ते कळत होतं. "तुझ्या हाताला लकवा भरलाय का?" ती म्हणाली. तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

इन्स्पेक्टर होते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि त्यांना दम लागला होता.

"तुमच्या लिफ्टचं खालचं दार नीट लागत नाही," ते म्हणाले. "मी जिन्यानं आलो."

"मग जिन्याखाली बघून आला असाल," आत्या म्हणाली.

"सायकल आहे. पण तिच्या मागे एक पत्र्याची पेटी आहे."

"ती तीच लोकं ठेवतात, सायकलवाली."

"असं तुम्ही म्हणता."

आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं. दार उघडून ती चौकटीत उभी होती, आणि आत यायचं तर ते तिच्या डाव्या अंगानं आले असते; जागा तिकडेच होती. ते थांबले. उजवीकडे गठ्ठ्यांची चळत होती. तिला वळसा घालून, एक गठ्ठा पायानं जरासा सरकवून, ते तिच्या उजव्या बाजूला येऊन उभे राहिले, आणि मग बोलायला लागले. आवाज न चढवता.

"मी मधूनच वाचलंय. सोळा पानं. मला सुरुवात हवी आहे आणि शेवट हवा आहे."

"यात शेवटी काही उलगडत नाही," आत्या म्हणाली.

"वाईट खोड आहे. पण चालेल."

"खुनी नाही."

"बघू."

"तुम्ही बँकेतली बाई समजलात म्हणे मला."

"मोजता म्हणून. गोळ्या माझ्या ध्यानात आल्या नाहीत, ती माझी चूक. पण वरच्या फळीवरची बरणी हाताला लागते असं तुम्ही लिहिलंय. आणि तुमची उंची..." ते थांबले.

"सांगा, सांगा."

"उंचीत बसत नाही. म्हणजे एकतर तुम्ही खोटं लिहिलंय, नाहीतर ती बरणी दुसरं कुणीतरी काढतंय. मला ते बघायचंय."

आत्या हसली. मला वाटतं आठवडाभरात पहिल्यांदा, आणि कुणाला दाखवायला नव्हे. "ती माझी आई आहे," ती म्हणाली. "ती उंच होती. त्या कवितेत बोलते ती मी नाही, ती आहे. हे कुणाला..." वाक्य तिथेच सोडून ती खाली बसली आणि जवळच्या गठ्ठ्याची सुतळी सोडायला लागली. मास्तरांची गाठ होती, सहजासहजी सुटणारी नव्हती. ती नखांनी ओढत राहिली. इन्स्पेक्टर गुडघे कुरकुरवत तिच्या उजवीकडे बसले.

"सही लगेच करू नका," ते म्हणाले. "आधी वाचून होऊ दे. पटलं नाही तर उगीच सही वाया."

"आणि वाचून झाल्यावर?"

"मग चुका सांगायला येईन. तोवर बाकीचे गठ्ठे हलवू नका. पुरावा आहे."

तेवढ्यात खाली रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. लांब, घसा बसलेल्या माणसासारखा. खिडकी आत्याच्या डावीकडे होती. इन्स्पेक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. ते बोलत राहिले, पहिली कविता कुठल्या पानावर आहे वगैरे. हॉर्न पुन्हा वाजला.

तो हॉर्न एका कानानंही ऐकू येतो. मी छापखान्यात दाराखिडक्या लावून ऐकलेला आहे. खोलीत तो तिला ऐकू आला नसेल हे शक्य नाही. पण आत्यानं मान वर केली नाही. ती गाठीवर वाकून होती आणि मला म्हणाली, "अगं, नुसती उभी काय राहिलीस? कात्री आण."